कळ, कांटा आणि घाट

खानदेशांत सडकेनें यावयाचें म्हणजे बहुधा कोठून तरी खालीं उतरावें लागतें. दक्षिणेकडून येणाऱ्यानें कन्नडचें पठार सोडलें कीं औट्रम घाट उतरून चाळीसगांव गांठावयाचें. उत्तरेकडून सेंधवा मागें पडलें कीं सातपुड्याचा बिजासन घाट उतरून पळासनेर, आणि मग शिरपूर. नाशिककडून येणारा लळिंगच्या किल्ल्याखालून धुळ्यांत उतरतो. सुरतेकडच्या वाटेचा तेवढा अपवाद. नवापूरहून येणाऱ्याला कोंडाईबारी आधीं चढावी लागते. मध्यें तापीचें काळ्या मातीचें खोरें. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पावसाळ्यांत तीच काळी माती चाकाला अशी चिकटते कीं चाक फिरतें पण गाडी हलत नाहीं.

अशा मुलुखांत गाडी हाकणाराला एक प्रश्न फार पूर्वींपासून पडत आला आहे: या ठिकाणीं गाडीनें कोणत्या रीतीनें चालावें? बैलगाडीवाला घाट उतरतांना मागें लांकडाचा ओंडका बांधी, चाकाला दोर आवळी, आणि थांबला कीं चाकाखालीं दगडाची उटी सारी. चढणीला तो आणखी एक जोडी जुंपी. ही त्याची निवड. आणि तिचा परिणाम त्याला हातांतल्या कासऱ्यांतून व बैलांच्या श्वासांतून तत्काळ कळे.

आजच्या मोटारींत या सर्वांच्या जागीं दोन बैठकांमधली एक वाटोळी कळ आली आहे. ती फिरविली कीं समोरच्या पडद्यावर ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ अशीं नांवें उमटतात, पडद्याचा रंगही कित्येकदां पालटतो, आणि हांकणाराचा समज होतो कीं गाडीचा स्वभावच बदलला. हीं नांवें नवीं असलीं तरी निवड नवी नाहीं. नवें आहे तें निराळेंच. पूर्वीं हांकणारा जें निवडी तें त्याच्या हातानें घडत असे, आणि समोरचा कांटा त्याला यंत्राची अवस्था सांगत असे. आतां निवड ही केवळ एक आज्ञा झाली आहे, आणि पडदा पुष्कळदां त्या आज्ञेचीच पोंच देतो. यंत्रांत प्रत्यक्ष काय चाललें आहे हें तो सांगतोच असें नाहीं. हा फरक कसा पडत गेला तें पाहण्यासाठीं मोटारीच्याही मागें, भुसावळच्या रेल्वेपर्यंत जावें लागतें.

भुसावळ हें जी. आय. पी. रेल्वेचें मोठें ठाणें. वाफेच्या इंजिनांची तेथील शेड कित्येक पिढ्या प्रसिद्ध होती. या इंजिनांच्या ड्रायव्हरापुढें जो मोठा दांडा असे त्याचें मूळ १८४२ मध्यें न्यूकॅसल येथील स्टीफन्सनच्या कारखान्यांत बनलेल्या एका जोडणींत सांपडतें. दांडा पुढें सारला कीं गाडी पुढें आणि मागें ओढला कीं मागें, इतकें तर खरेंच. परंतु त्याचा खरा उपयोग मधल्या खांचांत होता. गाडी सुरू करतांना दांडा पुढच्या टोंकाला न्यावयाचा, म्हणजे दट्ट्याच्या धांवेचा बहुतेक भाग वाफ नळकांड्यांत शिरत राही व जोर पुरेपूर मिळे. वेग आला कीं दांडा खांचेखांचेनें मध्याकडे आणावयाचा. मग वाफ थोडा वेळच आंत शिरे, आणि पुढचें काम तिच्या प्रसरणावर होई. कोळसा वांचे, पाणी वांचे. आज ज्याला ‘इको’ म्हणतात तें याहून फारसें वेगळें नाहीं. फरक एवढाच कीं चढण आली असतां दांडा केव्हां पुढें न्यावयाचा हें ड्रायव्हर इंजिनाच्या धापेवरून ठरवी.

त्याच्यासमोर साक्षीदार दोन. एक वाफेच्या दाबाची तबकडी. ही १८४९ मध्यें फ्रान्समधील बूर्दाँ यानें शोधून काढली. चपटी, वळविलेली धातूची नळी दाबाखालीं सरळ होऊं पाहते आणि तिच्या टोंकाशीं जोडलेला कांटा हलतो, एवढीच तिची युक्ति. दुसरी म्हणजे बॉयलरांतील पाण्याची उभी कांचनळी. हिच्यांत कांटा नाहीं, आंकडा नाहीं. बॉयलरांतलें पाणीच तिच्यांत उभें असतें. तरीही नळी तुंबून खोटी पातळी दाखवील या भीतीनें ड्रायव्हर मधूनमधून खालची तोटी उघडून ती झाडून घेई, आणि पाणी पुन्हां त्याच रेषेला येतें कीं नाहीं तें पाही. समोरच्या साक्षीदाराचीही साक्ष तपासावयाची, ही शिस्त वाफेच्या काळीं सक्तीची होती, कारण तेथें चुकीला क्षमा नसे. विजेचीं इंजिनें १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत आलीं. भुसावळपर्यंत वीज पोंचावयास १९६० चें दशक सरत आलें.

मोटारीचा आरंभ याहून कितीतरी उघडाबोडका होता. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींहून अधिक संख्येनें निघालेली फोर्डची ‘टी’ मोटार घ्या. तिच्या सुकाणूच्या चक्राखालीं दोन बारीक दांड्या असत; उजवीकडची पेट्रोल सोडणारी, डावीकडची ठिणगी लवकर कीं उशिरां पाडावयाची तें ठरविणारी. खालीं तीन पायटे: एक गिअरचा, एक मागें जाण्याचा, एक ब्रेकचा. वेग दाखविणारें घड्याळ प्रारंभीं सर्व गाड्यांना नसे, पेट्रोल दाखविणारें तर नाहींच. बैठक उचलून टांकींत काठी बुडवावयाची. पेट्रोल इंजिनाकडे आपल्या वजनानें वाहत जाई, त्यामुळें टांकी अर्धीमुर्धी असतां उभ्या चढणीवर तें इंजिनापर्यंत पोंचतच नसे. यावर उपाय म्हणजे मोटार वळवून उलटी चढवावयाची. मागें जाण्याचा गिअरच सर्वांत जोरकस असल्यानें तोही हेतु साधे. चालण्याच्या रीतीची निवड म्हणजे काय हें याहून स्पष्ट कोणता पडदा सांगणार?

उष्णतेचें मोजमाप १९१२ मध्यें बॉइस या अमेरिकनाच्या ‘मोटोमीटर’नें आणलें. रेडिएटरच्या झांकणावरच उष्णतामापक बसविलेला. हांकणारानें कांचेंतून समोर पाहिलें कीं लाल रेघ किती वर गेली तें दिसे. वेगाच्या घड्याळाची युक्ति त्याआधींची, १९०२ ची. जर्मनींतील ओटो शुल्झे याची. चाकाशीं अगर गिअरपेटीशीं तारेनें जोडलेलें लोहचुंबक एका वाटींत फिरतें, वाटीला न शिवतां तिला आपल्याबरोबर ओढूं पाहतें, आणि बारीक कमान तिला मागें खेंचते; या ओढाताणींतून कांटा जेथें स्थिरावेल तो वेग. हा कांटा खोटें बोलूं शकतो, पण त्याला कोणी खोटें बोलावयास शिकवूं शकत नाहीं. पुढें कायद्यानें मात्र थोडें शिकविलें. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलींतील ३९ व्या नियमाप्रमाणें घड्याळानें खऱ्यापेक्षां कमी वेग कधींही दाखवावयाचा नाहीं. थोडा अधिक दाखविला तर चालतो. खरा वेग ताशीं ८० किलोमीटर असतां ९२ पर्यंत दाखविण्याची मुभा आहे. म्हणून नव्या गाडीच्या कांट्यापेक्षां खिशांतल्या फोनवरचा वेग कमी दिसला तर घड्याळ बिघडलें असें समजण्याचें कारण नाहीं.

१९३० मध्यें अमेरिकेंतील स्टुडबेकर कंपनीनें एक नवी सोय विक्रीस आणली. तिची हकीकत आज विसरली गेली आहे, परंतु या विषयांत तिच्याइतकी बोधक दुसरी नाहीं. सायकलचे पायटे थांबविले तरी चाक मोकळें फिरत राहतें, तशीच मोटारीची चाकेंही इंजिनापासून मोकळीं फिरावीं, अशी ही योजना होती. हांकणारानें पेट्रोल कमी केलें कीं इंजिन मंद गतीनें फिरत राही आणि गाडी आपल्या वेगानें घरंगळे. पेट्रोल वांचे, गिअर बदलणें सोपें होई, आवाज कमी. अनेक कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. पण उतारावर पंचाईत झाली. एरवीं पेट्रोल बंद केलें असतां चाकेंच इंजिनाला फिरवितात आणि त्या श्रमानें गाडी रोखली जाते. येथें तो रोध नाहींसा झाला आणि सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक तापले म्हणजे त्यांची पकड सुटते. यास्तव ही मोकळीक बंद करण्याची कळ गाड्यांना ठेवावी लागे, व घाटापूर्वीं ती आठवणीनें वापरावी लागे. कांहीं वर्षांतच ही सोय अमेरिकेंत मागें पडली. चालण्याची रीत निवडण्याची कळ, पेट्रोल वांचविण्याचें आमिष, आणि उतारावर विसरल्यास धोका, असा हा सगळा प्रसंग जवळजवळ शंभर वर्षांपूर्वींच एकदां घडून गेलेला आहे.

त्यानंतर आली जीप. १९४१ मध्यें अमेरिकन सैन्यासाठीं विलिजच्या कारखान्यांतून तीं वाहनें निघूं लागलीं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें १९४७ पासून मुंबईस त्यांची जुळणी सुरू केली. सातपुड्याच्या जंगलवाटा, पावसाळ्यांतली तापीकांठची काळी माती आणि नदीनाल्यांचीं वाळूचीं पात्रें यांना साजेसें दुसरें वाहन त्या वेळीं नव्हतें. जीपच्या मध्यभागीं मुख्य गिअरच्या दांड्याशेजारीं आणखी दोन आंखूड दांडे असत. एकानें पुढचीं चाकें इंजिनाला जोडावयाचीं किंवा सोडवावयाचीं. दुसऱ्यानें साऱ्या गिअरांची पट्टी ‘हाय’ कीं ‘लो’ तें ठरवावयाचें. ‘लो’ केलें म्हणजे वेग सुमारें निम्मा आणि चाकांवरचा जोर सुमारें दुप्पट.

या दोन दांड्यांचे नियम समजून घेण्यासारखे आहेत. पुढचीं चाकें जोडल्याविना ‘लो’ पडूं नये असा अडसर यंत्रांतच घातलेला होता, कारण दुप्पट झालेला जोर एकट्या मागच्या आंसावर आला तर तो मोडावयाचा. उलट, कोरड्या पक्क्या सडकेवर पुढचीं चाकें जोडून ठेवावयाचीं नाहींत. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठें वर्तुळ काटतात, म्हणजे अधिक अंतर जातात. परंतु दोन्ही आंस एकमेकांना जखडलेले असल्यानें त्यांना सारखेंच फिरावें लागतें. मातीवर चाक थोडें घसरून हा हिशेब मिटवितें. डांबरावर तें घसरत नाहीं, मग ताण यंत्रांत साठतो, सुकाणू जड होतें आणि कधीं दांडा अडकून बसतो. ज्याचे हात त्या दांड्यावर असत त्याला हें पुस्तकावांचून समजे, कारण दांडाच हलेनासा होई.

जीपचा डॅशबोर्डही पाहण्यासारखा. मधोमध वेगाचें घड्याळ, आणि भोंवतीं चार लहान तबकड्या: पेट्रोल, पाण्याची उष्णता, तेलाचा दाब आणि विजेचा प्रवाह. शेजारीं धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या. एका पट्टीवर तिन्ही दांड्यांच्या जागा कोरलेल्या; दुसरीवर कोणत्या गिअरांत किती वेगापलीकडे जाऊं नये त्याचा तक्ता, वरच्या गिअरला ताशीं ६५ मैल आणि खालीं उतरत्या मर्यादा. तबकड्या यंत्राची अवस्था सांगत, पट्ट्या हांकणाराचें कर्तव्य सांगत. दोहोंची गल्लत कोठेंच नव्हती. डॅशबोर्ड याहून प्रामाणिक पुढें क्वचितच झाला असेल.

पुढचा इतिहास यंत्रानें काम आपल्याकडे घेण्याचा आहे, आणि तो थोडक्यांत सांगतां येतो. १९३९ मध्यें अमेरिकेच्या ओल्डस्मोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ आलें; गिअर आपोआप बदलूं लागले आणि दांडा हा यंत्र हलविणारा न राहतां अक्षरें दाखविणारा झाला. त्या अक्षरांचा क्रमही प्रत्येक कारखान्याचा वेगळा. एका गाडींतून दुसरींत बसलेला मनुष्य पुढें जावयाचें म्हणून मागें जाई. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकन सरकारनें नियम करून पुढें व मागें या दोहोंमध्यें मोकळी जागा असलीच पाहिजे असें ठरविलें. याच सुमारास तबकड्याही ओसरूं लागल्या. तेल व वीज यांच्या कांट्यांऐवजीं नुसते लाल दिवे लावण्याची चाल हडसन मोटारींनीं १९३० च्या दशकांत पाडली होती. ती हळूहळू सर्वत्र पसरली. कांटा बिघाड येतांना दाखवितो, दिवा तो आल्यावर पेटतो. उष्णतेचा कांटा जेथें राहिला तेथेंही पुढें त्याला संगणकानें आंवर घातला. पाण्याच्या उष्णतेंत बराच चढउतार झाला तरी अनेक मोटारींत तो मधोमध निश्चल राहतो, कारण हलणारा कांटा पाहून गिऱ्हाईक घाबरतें. मे महिन्यांत भुसावळच्या सडकेवर अशा स्थिर कांट्यावर विसंबणाऱ्यानें एवढें ओळखून असावें कीं तो हलला तर गोष्ट आधींच बरीच पुढें गेलेली आहे.

आतां त्या वाटोळ्या कळीकडे. महाराष्ट्रांतच, पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होणारी टाटांची नेक्सॉन २०१७ मध्यें निघाली तेव्हां ‘इको’, ‘सिटी’ व ‘स्पोर्ट’ अशा तीन रीती तिच्यांत होत्या. २०२१ मध्यें महिंद्रांनीं एक्सयूव्ही ७०० आणली. तिच्या डिझेल गाड्यांत ‘झिप’, ‘झॅप’, ‘झूम’ हीं नांवें, आणि चौथी रीत हांकणारानें स्वतः रचावयाची. समोर सव्वादहा इंचांचे दोन पडदे. नांवांत मौज आहे, अर्थ मात्र त्यांवरून कळत नाहीं. तो असा कीं आजच्या मोटारींत पायट्यापासून इंजिनापर्यंत जाणारी तार उरलेली नाहीं. पाय किती दाबला हें संगणक वाचतो आणि किती जोर द्यावयाचा तें ठरवितो. ‘इको’मध्यें तेवढ्याच दाबाला तो कमी उत्तर देतो, ‘स्पोर्ट’मध्यें लवकर व अधिक देतो. आपोआप गिअर असतील तर ‘इको’मध्यें ते लवकर वर चढतात, ‘स्पोर्ट’मध्यें उशिरां. कांहीं गाड्यांत सुकाणू जड वा हलकें होतें, कांहींत थंड हवेचें यंत्र कमी चालतें. इंजिनाची एकंदर शक्ति बहुधा तीच, ब्रेक तेच, टायर तेच. ‘इको’ लावून पाय अधिक दाबला तर बचत तितकीच बुडते. ‘स्पोर्ट’ लावून हलक्या पायानें चालविलें तर पेट्रोल फार जळत नाहीं.

पडद्यावर आणखी एक आंकडा असतो, आणि घरोघर त्यावर वाद होतो: टांकी रिकामी होईपर्यंत अजून किती किलोमीटर. तें मोजमाप नव्हे, भाकीत होय. मागच्या कांहीं अंतरांत गाडीनें किती इंधन खाल्लें त्यावरून उरलेल्याचा तो अंदाज असतो. औट्रम घाट उतरून चाळीसगांवीं आलेल्या गाडीचा आंकडा फुगलेला दिसावयाचा, आणि तीच गाडी परत कन्नडकडे चढूं लागली कीं तो भराभर घसरावयाचा. इंधन मात्र दोन्ही वेळां प्रामाणिकपणें जळत असतें. विजेच्या गाडींत हा खेळ अधिकच. तेथें उतारावर चाकेंच मोटर फिरवून बॅटरी भरतात व गाडी रोखली जाते. हा रोध किती असावा हेंही कित्येक गाड्यांत निवडतां येतें. परंतु बॅटरी घाटमाथ्यावरच पूर्ण भरून निघाली असेल तर तिला आणखी वीज घेण्यास जागा नसते आणि तो रोध कमी पडतो. निवड पडद्यावर तीच दिसते, गाडीची पकड मात्र तीच नसते.

येथेंच १९३० ची गोष्ट परत येते. आपोआप गिअरची गाडी ‘इको’मध्यें ठेवून घाट उतरतांना संगणक गिअर वर चढवूं पाहतो, म्हणजे इंजिनाचा रोध घटतो. युरोपांतील कांहीं गाड्या तर या रीतींत इंजिन चाकांपासून सोडवितात आणि गाडी मोकळी घरंगळूं देतात. स्टुडबेकरची मोकळीकच ती, नांव तेवढें पालटलें. पडद्यावर त्या वेळीं बहुधा हिरवें पान झळकत असतें. घाटासाठीं अशा गाड्यांत दांडा हातानें खालच्या गिअरांत धरण्याची सोय जवळजवळ नेहमीं असते, ‘एम’, ‘एल’ अशा अक्षरांनीं अगर सुकाणूमागच्या पाकळ्यांनीं. पण ती कळीवरच्या तीन नांवांत नसल्यानें पुष्कळांच्या ध्यानींच येत नाहीं. ज्या गिअरांत घाट चढला असता त्याच गिअरांत तो उतरावा, हा जुन्या मोटारवाल्यांचा नियम कोणत्याच संगणकानें रद्द केलेला नाहीं.

४ जुलै २०२३ रोजीं पळासनेर येथें मुंबई-आग्रा महामार्गावर एक अवजड कंटेनर ट्रक आंवरेनासा होऊन वाहनांवर आणि कडेच्या हॉटेलवर आदळला. किमान १० माणसें मृत्यु पावलीं. ब्रेक निकामी झाल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. हा अपघात पडद्याचा नव्हे. परंतु घाट उतरणाऱ्या कोणत्याही वाहनाचें, तें २ टनांचें असो कीं ४० टनांचें, गणित एकच. उंचावरून खालीं येतांना सुटणारी सारी शक्ति कोठें तरी जिरली पाहिजे. इंजिनांत जिरली नाहीं तर ती ब्रेकमध्यें उष्णता होऊन साठते.

बिजासन घाटांत सडकेच्या कडेला बिजासनमातेचें देऊळ आहे, आणि जातांयेतां तेथें वाहनें थांबतात. उतरून चाकाजवळ नुसता हात नेला तरी ब्रेक किती तापले आहेत तें कळतें. हें सांगणारा कांटा बहुतेक मोटारींच्या डॅशबोर्डावर अजूनही नाहीं.